आंब्याच्या ओंडक्यातून भिंतीवरची फळी: चिरण्यापासून टांगण्यापर्यंतचा क्रम

"फळीला भेग गेली, आता कुठलं पॉलिश लावू?" ओळखीतल्यांकडून हा प्रश्न मला दर हिवाळ्यात येतो. भेग पॉलिशमुळे गेलेली नसते आणि पॉलिशने ती बुजतही नाही. ओंडका चिरून आणला त्या आठवड्यात काय केलं, काय राहून गेलं, त्यावर फळीचं नशीब ठरतं. लोक लाकूड आणतात, घासतात, चकचकीत करतात, टांगतात, आणि मग ते वाळायला लागतं. क्रम नेमका उलटा हवा.

इथे एकच वस्तू घेतली आहे: नैसर्गिक काठाची, म्हणजे झाडाच्या बाहेरच्या वळणाची कड तशीच राखलेली भिंतीवरची फळी. ९० सेंटिमीटर लांब, सुमारे २२ रुंद, ४ जाड. लाकूड आंब्याचं, कारण ते आपल्याकडे सहज मिळतं आणि सगळ्यात जास्त बिघडतं. आंब्यावर हात बसला की फणस, बाभूळ, शिरीष यांची फळी सहज होते.

टप्पा १: ओंडका निवडणं

आधी कागदपत्रं. झाड आपल्याच आवारातलं असलं तरी मनाने तोडता येत नाही. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आंबा, फणस, साग, चिंच, जांभूळ ही झाडं आहेत. शहरी हद्दीत १९७५ चा झाडांच्या जतनाचा वेगळा कायदा लागू होतो, गोव्यात १९८४ चा. पडलेल्या झाडाचं लाकूड वाहून नेण्याआधीही वनखात्याच्या किंवा पालिकेच्या कार्यालयात विचारून घ्या. वखारीतून घेत असाल तर पावती मागा आणि जपून ठेवा.

ओंडका निवडताना चार गोष्टी बघा.

कापलेल्या टोकावर मध्यबिंदू, म्हणजे ज्याच्याभोवती लाकडाची वर्तुळं दिसतात तो ठिपका, कुठे आहे? तो ओंडक्याच्या बरोबर मध्यभागी असेल तर झाड सरळ वाढलेलं. एका बाजूला सरकलेला असेल तर झाड कललेलं होतं किंवा ती आडवी फांदी होती. अशा लाकडात ताण साठलेला असतो, चिरल्यावर फळी धनुष्यासारखी वाकते.

सालीवरच्या रेषा सरळ वर जातात की दोरीसारख्या पीळ घेत? पीळ घेतलेल्या ओंडक्याची फळी वाळताना पीळच घेणार.

सालीवर बारीक छिद्रं, त्यांतून पिठासारखा भुसा? तो ओंडका सोडून द्या.

आणि खिळे. अंगणातल्या, रस्त्याकडेच्या, कुंपणावरच्या झाडात खिळे, काटेरी तार, कपडे वाळवायच्या दोरीचे हुक हमखास असतात. झाड वाढताना ते आत गिळतं. टोकावर निळा-काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असं समजा. लाकूड चिरणाऱ्या गिरणीवाल्याला आधीच सांगा, त्याचं पातं तुटलं तर खर्च तुमच्याकडेच येतो.

> सावध: बिब्ब्याच्या लाकडाला हात लावू नका, त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात. आंबा आणि काजू त्याच कुळातले, त्यामुळे ओल्या आंब्याचा चीकही काहींना बाधतो. ओलं लाकूड हाताळताना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घाला. कण्हेर विषारी आहे, घरातल्या कुठल्याच वस्तूसाठी ती वापरू नका.

टप्पा २: चिरून घेणं

गिरणीत "फळ्या पाडून द्या" एवढंच सांगितलं तर जाडी त्यांच्या सोयीची येते. तीन गोष्टी स्पष्ट सांगा.

पहिली, जाडी. तयार फळी ४ सेंटिमीटर हवी तर चिरताना ५ सांगा. वाळताना थोडी जाडी जाते, बाकी रंध्याखाली.

दुसरी, लांबी. ९० हवी तर ११० ठेवा. दोन्ही टोकांना भेगा जाणारच, तो भाग शेवटी कापून टाकायचा आहे. ही वीस सेंटिमीटर वाचवायला गेलेल्यांची फळी शेवटी सत्तर सेंटिमीटरची होते.

तिसरी, मध्यबिंदू. तो ज्या फळीत येईल ती फळी आपली नव्हे. त्या फळीला मधोमध लांब भेग जाते, कितीही सांभाळून वाळवली तरी. मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या घ्या आणि मधली स्टुलाच्या पायांना वापरा.

झाड कधी पाडलं याचाही हिशेब आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोलीकडच्या आमच्या नातेवाइकांच्या वाडीतले आंबे आडवे झाले. त्यातला एक ओंडका मी घेतला. तो चिरून होईपर्यंत जुलै उजाडला होता, हवेत पाणी आणि लाकडातही पाणी. महिन्याभरात फळ्यांवर निळसर काळी बुरशी चढली आणि डाग आतपर्यंत गेले. त्या डागांनी लाकडाची ताकद फारशी कमी होत नाही, पण ते घासून निघतही नाहीत. निवडीला वाव असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत चिरून घ्या. पावसाळ्यात पडलेलं झाड मिळालं तर ओंडका महिनोन्‌महिने पडून ठेवू नका. लगेच चिरा आणि पुढचे दोन टप्पे त्याच आठवड्यात उरका.

टप्पा ३: टोकं बंद करणं, त्याच दिवशी

सगळ्यात जास्त फळ्या इथेच वाया जातात, कारण हा टप्पा लोकांना माहीतच नसतो.

झाडाच्या खोडात पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. आडवा काप घेतला की त्या सगळ्या उघड्या पडतात, आणि पृष्ठभागापेक्षा कित्येक पट वेगाने टोकांतून पाणी बाहेर पडतं. टोक आधी वाळतं, आकसायला बघतं, मधलं ओलं लाकूड त्याला आकसू देत नाही, आणि टोक फाटतं. उन्हाळ्यात कापलेल्या टोकावर दुसऱ्याच दिवशी केसासारख्या भेगा दिसतात.

उपाय स्वस्त आहे. साध्या मेणबत्त्या एका डब्यात घालून तो डबा उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवा. मेण थेट आचेवर वितळवू नका, पेट घेतं. वितळलेलं मेण जुन्या ब्रशने दोन्ही टोकांना जाड थापा आणि टोकापासून दोन बोटं आत, वरच्या-खालच्या बाजूलाही घ्या. मेण नसेल तर उरलेल्या ऑइलपेंटचे दोन जाड हात चालतात. गाठींभोवतीही लावा, तिथे लाकडाच्या तंतूंच्या रेषा वळलेल्या असतात आणि गाठ टोकासारखीच फाटते.

> तपासा: मेण लावल्यावर टोकावर लाकडाचा रंग कुठूनही दिसता कामा नये. लाकूड दिसत असेल तर अजून एक थर.

टप्पा ४: साल काढणं, मग कीड रोखणं

"सालीमुळेच तर ते गावठी दिसतं, साल ठेवू या ना." हा हट्ट सोडावा लागतो. साल आणि लाकूड यांच्यामध्ये गोडसर रसाचा पातळ थर असतो. भुंग्यांच्या अळ्या तिथेच वाढतात. तो थर वाळला की सालीची पकड जाते, आणि वर्षभरात साल तुकड्यातुकड्याने पुस्तकांवर पडायला लागते. आपल्याला राखायचं आहे ते सालीखालचं वळण.

ओली साल सहज निघते, वाळलेली चिवट होते. म्हणून आठवडाभरात काढा. बोथट पटाशी किंवा शेतातलं खुरपं घ्या, ते लाकडाशी जवळजवळ समांतर धरा आणि साल उचकटत जा. धारदार हत्यार नको, ते कडेच्या नैसर्गिक उंचवट्यात घुसतं आणि ती खूण आयुष्यभर दिसते. आतला तपकिरी तंतूंचा थर नायलॉनच्या ताठ ब्रशने काढा. लोखंडी तारेचा ब्रश टाळा. बाभूळ, ऐन यांसारख्या टॅनिन (तुरट द्रव्य) असलेल्या लाकडात लोखंडाचे कण अडकले आणि त्यांना ओल लागली की काळे डाग पडतात.

आता कीड. आंब्याचं लाकूड घरी आणलं की सहा महिन्यांनी फळीखाली मैद्यासारखी भुकटी दिसते, वर टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रं. या भुंग्याला लाकडातला स्टार्च हवा असतो आणि तो कडेच्या फिकट, कोवळ्या लाकडात सगळ्यात जास्त असतो. नैसर्गिक काठाची फळी म्हणजे नेमका तोच भाग राखलेली फळी. त्यामुळे इतर कुठल्याही फर्निचरपेक्षा तिला हा उपचार जास्त लागतो.

उपचार असा. एक लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम टाकणखार आणि ४० ग्रॅम बोरिक पावडर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. टाकणखार काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो, बोरिक पावडर औषधांच्या दुकानात. द्रावण गरम असतानाच ब्रशने सगळ्या बाजूंना लावा, कडेला दुप्पट. अर्ध्या तासाने दुसरा हात, मग तिसरा. नंतर फळी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आठ-दहा दिवस सावलीत ठेवा.

गुंडाळायचं कारण महत्त्वाचं आहे. हे क्षार ओल्या लाकडात पाण्यातून हळूहळू आत सरकतात. लाकूड वाळल्यावर लावले तर वरच राहतात आणि घासताना भुशाबरोबर निघून जातात. म्हणूनच "वाळल्यावर औषध मारू" हा क्रम चुकीचा.

> सावध: या कामासाठी वापरलेलं पातेलं परत स्वयंपाकात नको. हातमोजे घाला, द्रावण मुलांपासून आणि जनावरांपासून दूर ठेवा. पोळपाट, ताट, कापायची फळी अशा अन्नाला लागणाऱ्या वस्तूंना हा उपचार करू नका. पाण्यात हे क्षार धुऊन जातात, त्यामुळे तो घरातल्या वस्तूंसाठीच आहे, अंगणातल्या बाकासाठी नाही.

भोकांत रॉकेल किंवा पेट्रोल ओतण्याचा सल्ला मिळेल. तो ऐकू नका. वास महिनोन्‌महिने जात नाही, आगीचा धोका राहतो, आणि आतली अळी बऱ्याचदा तशीच जिवंत असते.

टप्पा ५: रचून वाळवणं

जागा सावलीची, वारा खेळणारी, पाऊस न पोचणारी. पडवी, मागचा व्हरांडा, पत्र्याच्या शेडची उत्तर बाजू. गच्चीवरचं ऊन चालत नाही, त्यात वरची बाजू आठवड्यात वाळते आणि फळी होडीसारखी वळते. एसीच्या खोलीतही तोच प्रकार होतो. बंद कोठीत बुरशी धरते.

जमिनीपासून वीतभर तरी उंच, विटांवर रचा. मातीला टेकलेल्या लाकडाला वाळवी शोधत येते. विटांवर एका पातळीत आडव्या पट्ट्या, त्यांवर फळी, फळीवर पुन्हा पट्ट्या, मग दुसरी फळी. पट्ट्या दोन-अडीच सेंटिमीटरच्या चौकोनी, कोरड्या लाकडाच्या, सगळ्या एकाच मापाच्या. दोन पट्ट्यांमध्ये ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको.

वरची पट्टी बरोबर खालच्या पट्टीवर यायला हवी. ती सरकलेली असेल तर वजन फळीच्या मध्यावर येतं आणि फळी त्याच आकारात वाळते. असा बाक नंतर कुठल्याही दाबाने निघत नाही. सगळ्यात वर पाच-सहा चिरे किंवा विटा ठेवून वजन द्या.

किती दिवस? जुना हिशेब इंचाला एक वर्ष. आपली ओली फळी पाच सेंटिमीटरची, म्हणजे दोन इंच. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात आंबा त्याहून बराच लवकर वाळतो, कोकणात पावसाळ्याचे चार महिने वाळणं जवळपास थांबतं. म्हणून कॅलेंडर बाजूला ठेवा आणि वजन करा.

प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा पुरतो. आणल्या दिवशीचं वजन फळीवरच पेन्सिलीने तारखेसकट लिहा. दर पंधरा दिवसांनी पुन्हा. माझ्या एका फळीचं ओलं वजन ९ किलो ८०० ग्रॅम होतं, ते साडेसहा किलोच्या आसपास येऊन थांबलं. म्हणजे तीन लिटरहून जास्त पाणी हवेत गेलं. एवढं पाणी जायच्या आधी ज्याने पॉलिश लावलं, त्याची फळी का फाटली हे वेगळं सांगायला नको.

> तपासा: सलग तीन वजनं सारखी आली की लाकूड भोवतालच्या हवेशी जुळलं. पण महिना कोणता तेही बघा. ऑगस्टमध्ये थांबलेलं वजन फसवं असतं. ते लाकूड ऑगस्टच्या हवेशी जुळलेलं आहे, डिसेंबरात पुन्हा उतरेल. शेवटचं वजन हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात घ्या.

आकडाच हवा असेल तर घरच्या ओव्हनमध्ये मिळतो. टोकापासून चार बोटं आत फळीची दोन सेंटिमीटरची आडवी पट्टी कापा. (११० ची फळी घेतली ती यासाठीही. उरलेल्या टोकाला पुन्हा मेण लावा.) पट्टी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, १०० ते १०५ अंशांवर ओव्हनमध्ये ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत तासातासाने तोलत राहा. समजा ८४ ग्रॅम होती ती ७५ वर थांबली. गेलेलं पाणी ९ ग्रॅम, त्याला कोरड्या वजनाने, म्हणजे ७५ ने भागा: १२ टक्के. ओल्या वजनाने भागणं ही नेहमीची चूक, त्याने आकडा कमी येतो आणि लाकूड वाळलं असं वाटतं. देशावर १२ टक्क्यांच्या आसपास, किनाऱ्यावर १४-१५ आले की पुढे जा. भारतीय मानक आयएस २८७ मध्येही हवेच्या आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग केलेले आहेत, कारण सगळीकडे एकच आकडा चालत नाही.

यानंतर फळी ज्या खोलीत टांगायची त्याच खोलीत दोन-तीन आठवडे पट्ट्यांवर आडवी ठेवा. दापोलीत वाळलेली फळी नागपूरच्या घरात न्यायची असेल तर हा काळ दुप्पट करा.

चकत्यांबद्दल थोडं

ओंडक्याच्या गोल चकत्या कापून घड्याळ किंवा ट्रे करायचा मोह अनेकांना होतो, आणि जवळपास प्रत्येक चकतीला पिझ्झाच्या तुकड्याएवढी भेग जाते. लाकूड वर्तुळाच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच मध्यापासून बाहेरच्या दिशेने. परीघ लहान होऊ पाहतो, त्रिज्या तेवढी होत नाही, मग परीघ फाटतो. हे मेण लावून टळत नाही, फक्त लांबतं. चकती हवीच असेल तर तिरकी कापून लंबगोल घ्या, तिला भेगा कमी जातात. किंवा फांदीच्या, चार बोटं व्यासाच्या, एक सेंटिमीटर जाड चकत्या करा. दहा केल्या तर सहा-सात टिकतात.

टप्पा ६: सपाट करणं

जवळच्या सुताराकडे किंवा फर्निचरच्या कारखान्यात मोठं रंधा मशीन असेल तर पैसे देऊन तिथून फळी सपाट करून घ्या. त्यात कमीपणा नाही. हाताने करायची असेल तर धारदार रंधा, दोन सरळ पट्ट्या आणि गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) पुरतात.

फळी टेबलावर ठेवा. एक पट्टी या टोकाला आडवी, दुसरी त्या टोकाला. खाली वाकून एका पट्टीच्या वरच्या कडेवरून दुसरीकडे बघा. दोन्ही कडा समांतर दिसल्या तर पीळ नाही. एक कोपरा वर दिसला तर तो आणि त्याच्या समोरचा तिरका कोपरा, दोन्हींवर पेन्सिलीने खूण करा. रंधा आधी फक्त त्या खुणांवर, तिरका मारा. पीळ गेल्यावर मग रेषेच्या दिशेने लांब हात.

रंधा मारताना लाकूड उचकटतंय, खवले निघतायत असं दिसलं तर दिशा उलटी करा. मांजराच्या पाठीवरून हात फिरवताना जसं कळतं तसंच आहे हे. गाठीभोवती दिशा बदलत राहते, तिथे रंधा ठेवा आणि काचकागद घ्या.

सगळ्यांत जास्त अचूक हवी ती मागची कड, भिंतीला लागणारी. तिथे नैसर्गिक वळण ठेवू नका. लांब सरळ पट्टीने रेघ मारा, करवतीने कापा, गुण्याने काटकोन तपासा. दोन्ही टोकांचा भेगांचा भाग आता कापा, शेवटच्या दिसणाऱ्या भेगेच्या पुढे किमान दोन बोटं.

टप्पा ७: उरलेल्या भेगा

केसाएवढ्या भेगा तशाच सोडा. रुंद भेग भरायची असेल तर त्याच फळीचा बारीक भुसा इपॉक्सीत, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदात, कालवून भरा. फेव्हिकॉल आणि भुशाचं मिश्रण सगळे करतात, पण वाळलेला फेव्हिकॉल तेल पीत नाही. तेल लावल्यावर आजूबाजूचं लाकूड गडद होतं आणि ती जागा फिकट चट्ट्यासारखी उठून दिसते.

टोकाकडून आत आलेली आणि वाढेल अशी शंका असलेली भेग असेल तर तिच्यावर आडवी, डमरूच्या आकाराची लाकडी पाचर बसवा. पाचर आधी घडवा, फळीवर ठेवून टोकदार पेन्सिलीने तिची बाह्यरेषा आखा, मग पटाशीने खाच पाडा. उलट केलं, म्हणजे आधी खाच आणि मग तिच्या मापाची पाचर, तर ती कधीच घट्ट बसत नाही. पाचरीच्या रेषा भेगेला काटकोनात यायला हव्यात, नाहीतर ती कमरेतच तुटते.

टप्पा ८: काठ आणि काचकागद

काठाला रंधा, कानस, मशीन काहीही लावू नका. हातातला काचकागद वळणावरून कापडासारखा फिरवा, टोकदार कुसळं गेली की थांबा. वरची सपाट बाजू आणि काठ जिथे मिळतात ती धार मात्र थोडी मोडा. तीक्ष्ण धारेवर तेल टिकत नाही आणि पहिला टवका तिथेच उडतो.

सपाट बाजूला काचकागदाचे नंबर क्रमाने: ८०, १२०, १८०, २२०. मधला नंबर गाळला की आधीचे ओरखडे राहतात, ते कोरड्या लाकडावर दिसत नाहीत, तेल लावल्यावर दिसतात. तेव्हा पुन्हा ८० पासून. हात नेहमी रेषेच्या दिशेने.

१८० नंतर ओल्या, पिळलेल्या फडक्याने फळी पुसा आणि वाळू द्या. दबलेले तंतू उभे राहतील, हाताला खरखर लागेल. मग २२० हलक्या हाताने. हे केलं नाही तर ती खरखर तेलाच्या पहिल्या थरानंतर येते.

> सावध: घासताना एन-९५ मास्क लावा, रुमाल पुरत नाही. आत बोरिकचे क्षारही आहेत. भुसा झाडून ओल्या फडक्याने टिपा, पंखा लावून उडवू नका.

टप्पा ९: तेल

खोबरेल, शेंगदाण्याचं, तिळाचं तेल लावू नका. आजीच्या पेटीला लावायचे हे खरं, पण ही तेलं हवेत घट्ट होत नाहीत. चिकट राहतात, धूळ धरतात, काही दिवसांनी खवट वास येतो.

जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होतं. रंगाच्या दुकानात "डबल बॉइल्ड लिन्सीड" मागा. कच्चं जवस तेल वाळायला आठवडे लागतात. पातळ थर फडक्याने चोळा, वीस मिनिटं थांबा, आणि जे लाकडाने प्यायलं नाही ते कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून काढा. "जास्त राहिलं तर चकाकी येईल" म्हणून पुसायचं टाळलं की चिकट साय धरते, ती टर्पेंटाइनने खरवडावी लागते. एक दिवस, कधी दोन दिवस थांबून दुसरा थर, मग तिसरा. खालची आणि मागची बाजूही सोडायची नाही. एकाच बाजूला तेल लावलेली फळी दुसऱ्या बाजूने हवेतली ओल घेते आणि वाकते.

जून ते सप्टेंबर हे काम करू नका. दमट हवेत तेल वाळत नाही आणि त्यावर बुरशी बसते. कोकणात, गोव्यात, मुंबईत समुद्राजवळ घर असेल तर तेलाऐवजी मॅट पीयूचे (पॉलीयुरेथेन पॉलिशचे) तीन पातळ थर मला जास्त भरवशाचे वाटतात. लाखेचं पॉलिश दिसायला सुंदर, पण ओल्या भांड्याचा पांढरा डाग उमटतो. कुंडी ठेवायची असेल तर ते नको.

> फार सावध: जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकलं तर आपोआप पेट घेऊ शकतं. तेल घट्ट होताना उष्णता निघते आणि घडीत ती कोंडते. प्रत्येक फडकं उघड्यावर पसरून कडक होईपर्यंत वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवा, मगच फेका.

टप्पा १०: टांगणं

तयार फळीचं वजन पाच-साडेपाच किलो, त्यावर पुस्तकांचे पंधरा-वीस. दोन मजबूत एल आकाराचे ब्रॅकेट, प्रत्येक टोकापासून वीस सेंटिमीटर आत. अगदी टोकांना लावले तर मध्य झोळ खातो.

लाकूड वाळून झालं तरी श्वास घेणं थांबवत नाही. पावसाळ्यात २२ सेंटिमीटरची फळी रुंदीत दोन-तीन मिलिमीटर फुगते आणि उन्हाळ्यात परत येते. ब्रॅकेटच्या सगळ्या भोकांत स्क्रू आवळून टाकले तर तिला जागा राहत नाही, आणि वाळवताना टळलेली भेग इथे जाते. भिंतीजवळच्या भोकात स्क्रू घट्ट. पुढच्या भोकाला कानशीने लंबगोल करा, त्यात वॉशर घालून स्क्रू बसवा आणि शेवटचा अर्धा फेरा सैल ठेवा. स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे, ३० मिलिमीटरचे. आधी गिरमिटाने किंवा ड्रिलने स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडा.

भिंतीच्या बाजूने: विटेच्या भिंतीत ८ मिलिमीटरचं भोक, प्लॅस्टिकचा प्लग, ६० मिलिमीटरचा स्क्रू. प्लास्टरच दीड-दोन सेंटिमीटर असतं, आखूड स्क्रू फक्त त्यालाच धरतो. चिऱ्याच्या भिंतीत सांध्यात भोक पाडू नका आणि १० मिलिमीटरचा लांब प्लग घ्या, चिरा मऊ असल्याने लहान प्लग आत फिरतो. हलक्या सिमेंट ब्लॉकच्या नव्या इमारतीत त्या ब्लॉकसाठीचेच प्लग लागतात. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल नको, तिथे वायर असते.

पावसाळ्यात ओल येणारी बाहेरची भिंत फळीसाठी निवडू नका. दुसरी जागाच नसेल तर फळीची मागची कड भिंतीपासून चार-पाच मिलिमीटर सुटी ठेवा, हवा फिरते आणि वाळवीची मातीची रेघ आली तर लगेच दिसते.

> तपासा: पुस्तकं ठेवण्याआधी फळीखाली गडद रंगाचा कागद पंधरा दिवस पसरून ठेवा. त्यावर मैद्यासारखी भुकटी पडली तर आत कीड जिवंत आहे. फळी उतरवा, तेल लावलेलं असलं तरी छिद्रांमध्ये सिरिंजने बोरिकचं द्रावण भरा, मेणाने बुजवा आणि कागदाची परीक्षा पुन्हा घ्या. जुनी, रिकामी छिद्रं असतील आणि भुकटी पडत नसेल तर काही करायचं नाही.

पहिल्या पावसाळ्यानंतर, साधारण ऑक्टोबरच्या शेवटी, फळी एकदा उतरवा. भिंतीजवळचे स्क्रू आवळून बघा, पुढच्या लंबगोल भोकातला स्क्रू कडेला टेकलाय का ते पाहा, टेकला असेल तर भोक आणखी थोडं कानशीने वाढवा. वरच्या बाजूला पाण्याचा थेंब टाका. तो मण्यासारखा राहिला तर तेल शाबूत आहे, लाकडात जिरला तर त्याच हिवाळ्यात अजून एक थर द्या.